बंदुकीचें अंतर व भिंगाचें अंतर

‘सफर’ हा शब्द मराठीस परका राहिलेला नाहीं. अरबींतून फारसीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला. आणि तोच अरबी शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून स्वाहिली भाषेंत ‘सफारी’ झाला. मूळ अर्थ दोन्हीकडे एकच, प्रवास. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय शिकाऱ्यांनीं हा स्वाहिली शब्द उचलला, आणि त्यांच्या तोंडीं त्यास बंदुकीच्या दारूचा वास लागला. आज त्याच शब्दाचा अर्थ पुन्हां पालटला आहे. सफारीस निघालेल्या गृहस्थाच्या खांद्यावर आतां बहुधा बंदूक नसते, कॅमेरा असतो. आणि निघण्यापूर्वीं त्याला पडणारा प्रश्न हा, कीं कोणत्या शक्तीचें भिंग बरोबर घ्यावें? या प्रश्नाचें बाजारांत मिळणारें उत्तर सोपें आहे : खिशास परवडेल तितकें लांब. हें उत्तर अगदीं चुकीचें नसलें तरी अपुरें आहे, असें या भिंगाच्या इतिहासाकडे पाहतां दिसून येतें. तो इतिहास म्हणजे माणूस आणि रानांतलें जनावर यांच्यामध्यें किती अंतर असावें, या वादाचा इतिहास होय. भिंग निवडणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, हें अंतरच निवडीत असतो.

आरंभीं कॅमेऱ्याची स्थिति बंदुकीच्या मानानें फारच केविलवाणी होती. चांगल्या रायफलीनें शंभर-दीडशें यार्डांवरचें हरीण लोळवितां येई. कॅमेऱ्याला तेंच हरीण एखाद्या ठिपक्यासारखें दिसे. त्यांतून १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें प्रसिद्ध केलेली कोलोडियनची पद्धति त्या काळीं सर्वत्र रूढ होती. तींत काचेवर ओला लेप चढवावयाचा, तो वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावयाचें, आणि तेथल्या तेथें तंबूच्या काळोखांत तें धुवून काढावयाचें, असा खटाटोप असे. थॉमस बेन्स या चित्रकाराबरोबर १८६१-६२ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागांत गेलेल्या जेम्स चॅपमन यानें कॅमेरा नेला होता. पण जिवंत आणि हालतें जनावर टिपणें हें त्या साधनाच्या आवांक्यांतलेंच नव्हतें. या पद्धतीला स्तब्ध राहणारें सावज लागे, आणि रानांत खात्रीनें स्तब्ध राहणारें सावज म्हणजे मेलेलें सावज. त्या युगांतील बहुतेक ‘मृगयाचित्रांत’ जनावर आडवें पडलेलें आणि शिकारी त्यावर पाय देऊन उभा असा जो थाट दिसतो, त्याचें एक कारण शिकाऱ्याचा अहंकार हें खरें. पण दुसरें कारण त्या ओल्या काचेची संथ गति हेंही आहे.

१८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ति सुचविली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिच्यांत अशा सुधारणा झाल्या कीं सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र उमटूं लागलें. वेळेचा प्रश्न अशा रीतीनें सुटला. अंतराचा मात्र तसाच राहिला. त्याचें गणित अगदीं सरळ आहे. भिंगापासून ज्या अंतरावर दूरच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट उमटते, तें त्या भिंगाचें नाभीय अंतर. हें नाभीय अंतर जितकें मोठें तितकी प्रतिमा मोठी. आणि वस्तु जितकी दूर तितकी प्रतिमा लहान. दोन मीटर लांबीचा सिंह साठ मीटरांवर उभा असेल, तर २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगानें त्याची प्रतिमा जेमतेम सात मिलिमीटरांची पडते. त्या काळच्या पांच इंच बाय सात इंच काचेवर सात मिलिमीटरांचा सिंह म्हणजे उशीवर पडलेला एक मुंगळाच म्हणावयाचा! सिंह चौपट मोठा हवा असेल तर चौपट जवळ, म्हणजे पंधरा मीटरांवर, जावें; नाहीं तर चौपट लांबीचें भिंग, आणि त्यासाठीं हातभर लांब पेटी, पाठीवर घेऊन हिंडावें.

या पेंचांतून वाट काढणारें साधन १८९१ सालीं एकदम तीन ठिकाणीं निघालें. लंडनमध्यें थॉमस रुडोल्फस डॅलमेयर, बर्लिनमध्यें अॅडॉल्फ मीथ आणि म्युनिकमध्यें श्टाइनहाइल यांनीं स्वतंत्रपणें टेलिफोटो भिंग सिद्ध केलें. तत्त्व गॅलिलिओच्या दुर्बिणींतलेंच होतें : पुढें बहिर्गोल भिंग आणि त्याच्या मागें कांहीं अंतरावर अंतर्गोल भिंग. पुढल्या भिंगानें एकवटत आणलेले किरण मागलें भिंग थोडे पसरवितें. त्यामुळें पेटीची लांबी बेताची राहूनही प्रतिमा लांब भिंगाच्या प्रतिमेइतकी मोठी पडते. डॅलमेयरनें या विषयावर १८९९ सालीं ‘टेलिफोटोग्राफी’ हा ग्रंथच लिहिला.

परंतु निसर्ग कोणतीही देणगी फुकट देत नाहीं. प्रतिमा तिप्पट मोठी केली कीं तितकाच प्रकाश नऊपट क्षेत्रावर पसरतो, म्हणजे ती नऊपट मंद होते. जें चित्र साध्या भिंगानें एक-पन्नासांश सेकंदांत निघे, त्याला या नव्या भिंगानें सुमारें एक-पंचमांश सेकंद लागे; आणि तेवढ्या वेळांत हरणाची मान वळे, गवत हाले, छायाचित्रकाराचा श्वास चुके. शिवाय प्रतिमेबरोबर हाताचा कंपही तिप्पट मोठा होई. आज दुकानांत भिंगाच्या किंमतींतला जो जमीनअस्मानाचा फरक दिसतो, त्याचें मूळ या १८९१ च्या हिशेबांतच आहे. लांबी, प्रकाश आणि वजन या तिहींपैकीं दोन मागावींत, तर तिसऱ्याची किंमत मोजावी लागते.

हें भिंग आफ्रिकेंत पोंचलें तें मृगयेचा सुकाळ असतांनाच. एडवर्ड नॉर्थ बक्सटन हा इंग्रज गृहस्थ स्वतः शिकारी होता. पण १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘टू आफ्रिकन ट्रिप्स’ या पुस्तकांत त्यानें वन्य पशूंच्या रक्षणाचा पुरस्कार केला, आणि पुढच्याच वर्षीं ब्रिटिश साम्राज्यांतील वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठीं स्थापन झालेल्या मंडळाचा तो एक आधारस्तंभ ठरला. त्याच सुमारास किलिमांजारोच्या परिसरांत कार्ल गेओर्ग शिलिंग्स हा जर्मन शिकारी मोठा लवाजमा घेऊन हिंडत होता. त्याच्यापाशीं बर्लिनच्या गोर्झ कारखान्याची यंत्रें होतीं, काचांच्या जड पेट्या होत्या, आणि हें सारें वाहण्यास शंभरांहून अधिक हमाल होते. १९०५ सालीं निघालेल्या त्याच्या ग्रंथाचें नांवच ‘मिट् ब्लिट्झलिख्ट उंड ब्यूख्से’, म्हणजे ‘लखलखाट आणि बंदूक’ असें आहे.

त्या नांवांतील दोन्ही शब्द विचार करण्यासारखे आहेत. शिलिंग्सनें टेलिफोटोनें दिवसाउजेडीं जीं चित्रें घेतलीं, तीं पुष्कळशीं धूसर आहेत. त्या काळच्या मंद भिंगाकडून आणि आफ्रिकेच्या तापलेल्या हवेंतून याहून अधिक मिळणें कठीणच होतें. म्हणून त्यानें दुसरा मार्ग धरला. पाणवठ्यावर किंवा आमिषाजवळ यंत्र लपवावयाचें, रात्रीं सावज जवळ आलें कीं मॅग्नेशियमच्या भुकटीचा लखलखाट करावयाचा, आणि त्या एका क्षणांत चित्र घ्यावयाचें. सिंह येथें स्पष्ट दिसतो. पण तो यावा म्हणून बांधलेलें गाढव किंवा बैलही दिसतो. याशिवाय शिलिंग्सनें संग्रहालयांसाठीं जनावरेंही पुष्कळ मारलीं. तोच पुढें पशुपक्ष्यांच्या संहाराविरुद्ध हिरीरीनें बोलूं लागला. त्याला ढोंगी म्हणणें सोपें आहे. पण खरी गोष्ट ही, कीं त्याच्या हातांतील भिंग त्याच्या पालटत्या मनाला अजून पुरें पडत नव्हतें. दूर राहून पाहण्याची इच्छा उत्पन्न झाली होती. दूर राहून दाखविण्याचें साधन अद्याप कच्चें होतें.

या कच्चेपणाचा परिणाम असा झाला, कीं कॅमेऱ्याच्या शेजारीं बंदूक उभी राहिली. आर्थर रॅडक्लिफ डगमोर हा चित्रकार १९०९ सालीं ब्रिटिश पूर्व आफ्रिकेंत गेला, आणि त्याच्या १९१० च्या ‘कॅमेरा अॅडव्हेंचर्स इन द आफ्रिकन वाइल्ड्स’ या पुस्तकांतील अंगावर धांवून येणाऱ्या गेंड्याचें चित्र जगभर गाजलें. हें चित्र अगदीं थोड्या यार्डांवरून घेतलेलें आहे. वाचक तें पाहून छायाचित्रकाराच्या छातीची तारीफ करतो, आणि ती तारीफ रास्तच आहे. पण गेंड्याच्या बाजूनें विचार केला तर काय दिसतें? त्याच्या घरांत कोणी अनोळखी इसम इतका जवळ आला, कीं धांवून जाण्यावांचून त्याला दुसरा मार्ग राहिला नाहीं. अशा वेळीं सोबती बंदूक रोखून उभा असे. म्हणजे बंदुकीला शंभर यार्ड पुरत असतां, कॅमेरा मात्र पंधरा-वीस यार्डांवर गेल्याशिवाय भागत नसे. आणि चित्रासाठीं जवळ गेल्यामुळेंच जनावरास गोळी घालण्याचा प्रसंग येई. अहिंसक म्हणविणारें साधन, केवळ भिंग आंखूड असल्यामुळें, हिंसेचें निमित्त होत होतें.

हें अंतर युक्तीनें कापण्याचे प्रयत्नही त्या काळीं झाले. यॉर्कशायरमधील रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या बंधूंनीं १९०० च्या सुमारास बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार केला, आणि त्याच्या पोटांत शिरून पक्ष्यांचीं चित्रें घेतलीं. इंग्लंडच्या कुरणांत ही युक्ति चालली. सिंहाच्या मुलुखांत बैलाच्या वेषानें बसण्यांत कोणतें शहाणपण आहे, तें सांगावयास नको. यांतलाच धाकटा चेरी कीअर्टन पुढें पूर्व आफ्रिकेंत गेला, आणि १९०९ सालीं तेथें आलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची त्यानें चलत्-चित्रें घेतलीं. रूझवेल्ट व त्यांचे चिरंजीव कर्मिट यांनीं त्या सफरींत मिळून ५१२ जनावरें मारलीं. तीं बहुतांशीं संग्रहालयासाठीं, असा त्यांचा पक्ष होता. एकाच मैदानावर त्या वर्षीं कीअर्टनचा कॅमेरा, डगमोरचा कॅमेरा आणि रूझवेल्टची बंदूक अशीं तीन साधनें फिरत होतीं; आणि पुढल्या शतकाचा कल कोणाकडे जाणार, हें तेव्हां कोणालाही ठामपणें सांगतां आलें नसतें.

हा कल कॅमेऱ्याकडे वळविण्यांत कार्ल एकली या अमेरिकन कारागिराचा वाटा मोठा आहे. प्राण्यांचीं कातडीं भरून हुबेहूब पुतळे उभे करणें हा त्याचा धंदा. १९१० सालीं नांदी लोक भाल्यानें सिंहाची शिकार करीत असतां त्यानें चलत्-चित्र घेण्याचा प्रयत्न केला. पण त्या वेळचें अवजड यंत्र वळविण्याच्या आंतच प्रसंग संपून जाई. तेव्हां त्यानें स्वतःच एक नवा कॅमेरा रचला. त्याची पेटी गोल होती. तो कोणत्याही दिशेस एका हातानें अलगद वळे. आणि त्यावर दोन जुळीं भिंगें बसविलेलीं असत, एक चित्र घेण्यासाठीं व एक पाहण्यासाठीं. लांब भिंगाचा मोठा दोष हा, कीं त्यांतून जगाचा अगदीं लहानसा तुकडा दिसतो, आणि धांवणारें जनावर त्या तुकड्यांतून क्षणांत निसटतें. एकलीच्या यंत्रानें लांब भिंग आणि चपळ नजर यांची प्रथमच सांगड घातली. १९२१ सालीं याच कॅमेऱ्यानें त्यानें बेल्जियन काँगोच्या डोंगरांत रानांतल्या गोरिलांचें चलत्-चित्र घेतलें. त्याच मोहिमेंत गोरिला मारलेही गेले. पण त्यानंतर त्यांच्या रक्षणासाठीं एकलीनेंच आग्रह धरला, आणि १९२५ सालीं तेथें आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. पुढच्या वर्षीं त्याच डोंगरांत त्याचा अंत झाला.

आपल्या देशांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला, म्हणून त्याचा येथें उल्लेख करणें प्राप्त आहे. आफ्रिकेंतल्या मोकळ्या मैदानावर लांब भिंगाचा उपयोग. पण जेथें दहा पावलांपलीकडे झाडी दाटते, आणि वाघ बहुधा काळोखांतच फिरतो, तेथें लांब भिंग काय करणार? संयुक्त प्रांतांतील जंगलखात्याचे अधिकारी एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागतांच लखलखाट होई आणि वाघ स्वतःचें चित्र स्वतःच काढी. १९२७ सालच्या ‘विथ् अ कॅमेरा इन् टायगर-लँड’ या त्यांच्या पुस्तकांतील चित्रें अशींच मिळालेलीं आहेत. येथें भिंग साधें, अंतर थोडें. पण माणूसच तेथें नाहीं! सध्यां वाघांच्या गणतीसाठीं भारतभर जे आपोआप चालणारे कॅमेरे झाडांना बांधतात, ते याच तत्त्वाचे वंशज आहेत. चॅम्पियन यांच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते : जनावरास निर्धास्त ठेवून जवळचें चित्र मिळविण्यास लांब भिंग हा एक उपाय आहे, एकमेव उपाय नव्हे.

यापुढील कथा कारखान्यांची आहे, आणि ती थोडक्यांत सांगतां येईल. १९२५ सालीं लायका कॅमेरा बाजारांत आला, आणि ३६ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटरांची चिमुकली चौकट रूढ झाली. चौकट लहान झाल्यामुळें तीच भरून टाकण्यास आंखूड भिंग पुरूं लागलें. जुन्या मोठ्या काचेवर जें २०० मिलिमीटरांचें भिंग सामान्य समजलें जाई, तेंच या चौकटीवर दूरचें भिंग ठरलें. १९३५ सालीं लाइट्झ कारखान्यानें नेमकें २०० मिलिमीटरांचें ‘टेलिट’ भिंग काढलें. त्यासाठीं आरशाची एक वेगळी पेटी कॅमेऱ्यास जोडावी लागे. कारण लांब भिंगांतून काय येत आहे, तें त्याच भिंगांतून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. पुढल्याच वर्षीं ‘किने एक्झाक्टा’ या कॅमेऱ्यांत हा आरसा पोटांतच बसविलेला आला. आणि १९५९ च्या ‘निकॉन एफ्’ नंतर अशा कॅमेऱ्यांचें राज्यच सुरू झालें. १९६९ सालीं कॅनननें कृत्रिम फ्लोराइट स्फटिकाचें ३०० मिलिमीटरांचें भिंग काढलें. लांब भिंगांत निरनिराळ्या रंगांचे किरण एका बिंदूवर मिळत नाहींत, आणि जनावराच्या कडेला रंगीत झालर दिसते. तो दोष या स्फटिकानें बराच दूर झाला. १९८५ नंतर भिंगें आपोआप नेम साधूं लागलीं, आणि १९९५ पासून हाताचा कंप शमविणारीं भिंगें मिळूं लागलीं. मधल्या काळांत, १९७७ सालीं, केनियानें शिकारीवर बंदी घातली. १८९१ मध्यें सुरू झालेली भिंगाची वाटचाल आणि बंदुकीची माघार अशा रीतीनें एका ठिकाणीं येऊन मिळाली.

आतां आजच्या प्रवाशाकडे वळूं. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीचाच हिशेब धरला, तर तीस मीटरांवर १०० मिलिमीटरांच्या भिंगांत सुमारें अकरा मीटर रुंदीचा देखावा मावतो. २०० मध्यें साडेपांच मीटर, ४०० मध्यें पावणेतीन मीटर, आणि ६०० मध्यें पावणेदोन मीटरांहून किंचित् अधिक. म्हणजे तीस मीटरांवर आडवा उभा असलेला हत्ती २०० मिलिमीटरांच्या भिंगांतही पुरता मावत नाहीं. सिंह ४०० मध्यें ऐसपैस बसतो. आणि ६०० मध्यें त्याचें शेपूट तरी सुटतें, नाहीं तर नाक तरी. उलट वीतभर पक्षी त्याच अंतरावर ६०० मध्येंही चौकटीचा नववा हिस्साच व्यापतो. ज्या कॅमेऱ्यांची चौकट चोवीस मिलिमीटरांच्या आसपास रुंद असते, त्यांत ४०० चें भिंग ६०० सारखें काम देतें. एवढें गणित कागदावर मांडलें, तरी ‘सर्वांत लांब तें सर्वांत चांगलें’ ही समजूत पुष्कळशी ढिली होते.

त्याचबरोबर १८९१ चें तें जुनें देणें आजही फिटलेलें नाहीं. ६०० मिलिमीटरांच्या भिंगानें भरपूर प्रकाश घ्यावा, म्हणजे एफ्/४ इतकें त्याचें तोंड असावें, तर पुढल्या काचेचा व्यास दीडशें मिलिमीटर भरतो. वजन तीन किलोंच्या घरांत आणि किंमत एखाद्या मोटारगाडीच्या घरांत जाते. त्याच लांबीपर्यंत पोंचणारें १५० ते ६०० मिलिमीटरांचें झूम भिंग सुमारें दोन किलोंत मिळतें; पण लांब टोंकाला त्याचें तोंड एफ्/६.३ असल्यामुळें प्रकाश अडीचपट कमी. पहांटेच्या अंधुक उजेडांत, म्हणजे वाघ-सिंह हिंडतात त्याच वेळीं, हा फरक जाणवतो. मात्र अलीकडील कॅमेऱ्यांचे प्रकाशग्राही पडदे इतके तीक्ष्ण झाले आहेत, कीं २०२० सालीं कॅनननें ८०० मिलिमीटरांचें केवळ एफ्/११ चें, सव्वा किलोच्या आसपास वजनाचें भिंग काढलें. डॅलमेयरच्या काळचें मंद भिंग शंभरांहून अधिक वर्षांनीं पुन्हां उपयोगी ठरलें, आणि तें काचेच्या नव्हे तर पडद्याच्या प्रगतीमुळें.

यावरून निवडीचें धोरण ठरवितां येतें. मसाई माराच्या किंवा सेरेन्गेटीच्या मोकळ्या गवताळ मैदानावर १०० ते ४०० किंवा ५०० मिलिमीटरांचें एक झूम भिंग बहुतेक सस्तन प्राण्यांना पुरतें. दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर उद्यानांत प्रवासी आपल्या गाडीनें नेमून दिलेल्या रस्त्यांवरूनच फिरतो. तेथें प्राणी कधीं हातावर, कधीं फर्लांगभर दूर, म्हणून लांबी बदलणाऱ्या भिंगाचें महत्त्व अधिक. ताडोबासारख्या आपल्या बांबूच्या आणि सागाच्या वनांत मात्र लांबीपेक्षां प्रकाश मोलाचा. तेथें ७० ते २०० मिलिमीटरांचें, एफ्/२.८ चें भिंग ६०० मिलिमीटरांच्या अंधुक भिंगाहून अनेकदां सरस ठरतें. पक्ष्यांचा नाद असेल तर ६०० ला पर्याय थोडेच. आणि कोठेंही जा, एक साधें आंखूड भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर चढवून ठेवावें. धुळींत भिंगें बदलण्यापेक्षां हें बरें, आणि हत्ती गाडीशेजारीं येऊन उभा राहिला म्हणजे त्याचेंच काम पडतें. केनियांतील लहान विमानांत सामानाची मर्यादा साधारणतः पंधरा किलोंची असते, हेंही ध्यानांत ठेवावें. गाडीच्या खिडकीवर ठेवावयास धान्य भरण्याजोगी रिकामी पिशवी न्यावी. तिपाईपेक्षां ती अधिक उपयोगाची. आणि उन्हें चढल्यावर जमिनीवरची हवा थरथरूं लागली, कीं जगांतलें कोणतेंही भिंग त्यावर उपाय करूं शकत नाहीं. तेव्हां झाडाच्या सावलींत विसांवा घ्यावा.

तथापि एवढ्यानें प्रश्न संपत नाहीं, कारण लांब भिंगानें एक नवी फसवणूकही शक्य केली आहे. तें जनावराभोवतीं अरुंद चौकट आंखतें, मागची पार्श्वभूमि विरघळवून टाकतें, आणि चौकटीबाहेरचें सारें पुसून टाकतें. दहा गाड्यांच्या घेऱ्यांत सांपडलेला चित्ता त्या चित्रांत विजनवासी राजासारखा दिसतो. पाहणाऱ्यास वाटतें, काय हें एकांत रान! आणि तोही पुढल्या वर्षीं त्या घेऱ्यांत अकरावी गाडी घालतो. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाहीं. चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणून प्रवाशांची वर्दळ त्यास अधिक बाधते. मसाई मारांतील चित्त्यांच्या माद्यांचा एक अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें, कीं जेथें प्रवाशांची गर्दी फार, तेथें एका वेतांतून सरासरी ०.२ पिल्लेंच स्वतंत्र होण्याइतकीं वाढलीं. जेथें गर्दी थोडी, तेथें हीच सरासरी २.३ होती. या दोन आंकड्यांमध्यें एका जातीचें भवितव्य सामावलेलें आहे. तेथें बंदूक कोणी उगारली नाहीं. सर्वांच्या हातीं कॅमेरेच होते.

मग लांब भिंगानें मिळविलें तें काय? १९०९ सालीं डगमोरला जवळ जावें लागे, कारण त्याच्याजवळ दुसरें साधन नव्हतें. आज तें साधन आपल्याजवळ आहे, आणि तरीही आपण जवळच जात असलों, तर दोष काचेचा नाहीं. लांब भिंग विकत घ्यावें तें जनावराचा चेहरा आणखी मोठा दिसावा म्हणून नव्हे. गाडी आणखी वीस पावलें मागें थांबवितां यावी म्हणून. ४०० मिलिमीटरांच्या भिंगानें वीस मीटरांवरून जेवढें चित्र मिळतें, तेवढेंच ६०० च्या भिंगानें तीस मीटरांवरून मिळतें. हे मधले दहा मीटर चित्तिणीला दिले, तर भिंगासाठीं मोजलेले जादा पैसे सार्थकीं लागले. ते आपणच गिळंकृत केले, तर ते वांयां गेले. आणि भिंग आंखूडच असेल, तर त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. जनावर लहान दिसेल. पण त्याच्याबरोबर तें गवत, तें एकाकी बाभळीचें झाड, दूरवरचा डोंगर आणि वरचें आभाळ हेंही चित्रांत येईल. जनावर कोठें राहतें, हें त्याच्या डोळ्यांतील चमकेइतकेंच सांगण्यासारखें आहे.

मराठींत ‘टिपणें’ हें एक मोठें सोयीचें क्रियापद आहे. पांखरूं दाणा टिपतें, शिकारी सावज टिपतो आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. तिन्ही क्रियांत नेम लागतो. पण दाणा टिपला कीं तो राहत नाहीं, सावज टिपलें कीं तेंही राहत नाहीं. छायाचित्रकाराच्या टिपण्याचें वैशिष्ट्य एवढेंच, कीं त्यानंतर सावज जसें होतें तसें, आपल्या वाटेनें, चालूं लागावें. म्हणून सफरीस निघणाऱ्यानें भिंगांच्या किंमती विचारण्यापूर्वीं आपण कोणतें जनावर किती अंतरावरून पाहणार, आणि त्या अंतरावर तें निर्धास्त राहील कीं नाहीं, एवढें आधीं ठरवावें. तें ठरलें म्हणजे भिंगाची लांबी वर दिलेल्या हिशेबानें कागदाच्या चिटोऱ्यावरही काढतां येते.